मीड (मधाची दारू) १.०७४ वर अडकलंय, अजून एक यीस्टचं पाकीट टाकू का?

टाकू नका. निदान आत्ता तरी नको. आणि फेकूनही देऊ नका, दोन किलो मध आहे त्यात आणि तो अजून पूर्ण वाचवता येण्यासारखा आहे.

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून मला काय समजलं ते आधी लिहिते, चुकलं असेल तर सांगा. तुम्ही मँचेस्टरला आहात, साडेचार लिटरच्या डेमिजॉनमध्ये (अरुंद तोंडाची मोठी बाटली) २ किलो सुपरमार्केटचा मध, वर नळाचं पाणी, दोन लिंबांचा रस, मूठभर मनुका, आणि ७१बी यीस्टचं एक पाकीट कोरडंच वरून टाकलंत. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या १.००० च्या तुलनेत घनता, साखर जास्त तर आकडा मोठा) १.१३०. दहा दिवस जोरात बुडबुडे आले, मग थांबले, आणि आता तीन आठवडे ती मोजणारा हायड्रोमीटर १.०७४ वरच आहे, शिवाय सडक्या अंड्यासारखा वास येतोय. डेमिजॉन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलाय. बियरचं किट दहा दिवसांत मस्त झालं होतं मग हेच का नाही असं तुम्ही विचारलंय, आणि मिसेस म्हणतायत की विषारी झालं असेल, ओतून टाका.

यात तुम्ही "यीस्ट मेलं" असं धरून चाललाय. माझ्या मते ते सगळं मेलेलं नाहीये, ते उपाशी आहे, आंबट आणि अतिगोड पाण्यात अडकलंय आणि रात्री गारठतंय. अशा ठिकाणी नवीन पाकीट टाकलं तर त्याचीही तीच गत होणार, उलट जास्तच वाईट, कारण जुन्या यीस्टने सुरुवात केली तेव्हा दारू शून्य होती आणि नव्याला उतरल्या उतरल्या सात टक्क्यांच्या वर दारू मिळणार. म्हणून आधी मधपाणी राहण्यालायक करायचं, मग यीस्ट.

बियरचं आणि मीडचं गणित वेगळं का, हे कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. बियरच्या किटमध्ये जो माल्टचा घट्ट पाक असतो तो मोड आणलेल्या सातूचा असतो, आणि मोड येताना दाण्यातली प्रथिनं फुटून अमिनो आम्लं तयार होतात, म्हणजे यीस्टला साखरेबरोबर नायट्रोजनही ताटात वाढून मिळतो. शिवाय बियर १.०४५ च्या आसपास सुरू होते, चार-साडेचार टक्के दारू झाली की काम संपलं. मधात साधारण ८० टक्के साखर, १७-१८ टक्के पाणी, आणि नायट्रोजन जवळजवळ नाहीच. यीस्टला साखर म्हणजे फक्त इंधन, नवीन पेशी बांधायला नायट्रोजन लागतो, तो नसला की ते थोडं वाढतं, जेवढं साठवलेलं होतं तेवढं वापरतं आणि बसतं. तुमचे पहिले दहा दिवस म्हणजे ती साठवण संपेपर्यंतचा काळ.

अंड्याचा वासही त्यातूनच येतो. यीस्टला गंधक असलेली अमिनो आम्लं स्वतः बनवायची असतात, त्यासाठी ते पाण्यातलं सल्फेट घेऊन त्याचं सल्फाइड करतं, पण पुढचा सांगाडा बांधायला नायट्रोजन नसेल तर ते सल्फाइड तसंच हायड्रोजन सल्फाइड वायू म्हणून बाहेर पडतं. म्हणजे वास आला तर ते इन्फेक्शन नसून बहुतेक वेळा भूक असते. पण हा वास महिनोन्‌महिने तसाच राहू दिला तर त्याची पुढची संयुगं बनतात, जळक्या रबरासारखी, कांदा-लसणासारखी वास मारणारी, आणि ती काढणं फार अवघड. त्यामुळे हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका, याच आठवड्यात करा.

आता साखर. साडेचार लिटरमध्ये १ किलो मध म्हणजे साधारण १.०६५, २ किलो म्हणजे १.१३०, तुमचं रीडिंग अगदी बरोबर आहे. पण १.१३० पूर्ण आंबवायचं तर १७ टक्के दारू होते, आणि ७१बी १४ टक्क्यांच्या आसपास हात टेकतं. म्हणजे सगळं नीट झालं असतं तरी ते १.०२३ च्या आसपास गोड राहूनच थांबलं असतं. तुमचं मात्र सव्वासात टक्क्यांवर थांबलंय (सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीतून आताची वजा करायची आणि १३१ ने गुणायचं), म्हणजे दारू सहन झाली नाही म्हणून थांबलेलं नाही, हे नक्की. मोरावळा वर्षभर टिकतो तो ज्या कारणाने, तेच कारण इथे यीस्टच्या विरुद्ध काम करतं, दाट साखर पेशीतलं पाणी बाहेर ओढते. कोरडं यीस्ट थेट १.१३० मध्ये पडलं की त्यातलं बरंचसं पहिल्या काही मिनिटांतच खलास होतं, कारण पाणी शोषताना त्याच्या पेशीचं आवरण अजून बंद झालेलं नसतं.

लिंबू. हे इतक्या जुन्या रेसिप्यांमध्ये लिहिलेलं असतं की तुम्हाला दोष देत नाही. पण मधात मुळातच ग्लुकॉनिक आम्ल असतं आणि आम्लता सावरून धरणारं काही नसतं, त्यामुळे आंबायला लागलं की पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) झरझर खाली जातो, ३.२ च्या खाली यीस्ट मंदावतं, ३ च्या खाली तर बहुतेक बसतंच. त्यात तुम्ही सुरुवातीलाच दोन लिंबं पिळलीत. आणि मँचेस्टरचं पाणी लेक डिस्ट्रिक्टच्या तलावांमधून येतं, थर्लमियर आणि हॉजवॉटर, एकदम मऊ पाणी, त्यात क्षार नाहीत म्हणजे आम्ल झेलायलाही काही नाही. मी रेडिंगला राहते, इथे किटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो, आणि तेच क्षाराचं पाणी मीडमध्ये थोडा आधार देतं. म्हणून माझ्या ओळखीतल्या दोघांनी एकच रेसिपी वापरून एकाचं व्हावं आणि दुसऱ्याचं अडकावं हे इथे नेहमी दिसतं, रेसिपीत पाणी कुठलं ते कोणी लिहीत नाही.

मनुकांबद्दल थोडक्यात. मूठभर मनुकांतून यीस्टला मिळणारा नायट्रोजन नगण्य असतो, चवीसाठी घाला, खुराक म्हणून नको.

आणि खिडकी. इथे हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद झालं की खिडकीचा कट्टा १२-१३ अंशांवर सहज जातो, दिवसा ऊन आलं की वीस. ७१बी ला १५ च्या वर हवं आणि मुख्य म्हणजे एकसारखं हवं. घरात गरम पाण्याच्या टाकीचं एअरिंग कबर्ड असेल तर तिथे ठेवा, नसेल तर आतल्या भिंतीला लागून, एखाद्या जुन्या स्वेटरात गुंडाळून. १८ ते २० अंश मिळालं तर उत्तम. उजेडही नको.

आता कशावर अवलंबून आहे ते. चार कारणं मी सांगितली, पण त्यातलं मुख्य कुठलं हे तुमचा पीएच मोजल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. मध कुठला यावरही आहे, अकेशियासारखा फिकट मध फारच उपाशी ठेवतो, हीदरचा किंवा बकव्हीटचा गडद मध थोडा बरा. तुमची बाटली बहुतेक मिश्र मधाची असेल. तरीही खाली जे लिहितेय ते चारही कारणांवर एकदमच काम करतं, त्यामुळे नेमकं कारण सापडलं नाही तरी बिघडत नाही.

सगळ्यात आधी रीडिंग खरं आहे का बघा. नमुना उंच नळीत घ्या, दुसऱ्या ग्लासात चार-पाच वेळा वरखाली ओतून त्यातला गॅस काढा, मग हायड्रोमीटर सोडून बोटांनी गर्रकन फिरवा. त्याच्या अंगाला बारीक बुडबुडे चिकटले तर ते त्याला वर उचलतात आणि ग्रॅव्हिटी खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. एअरलॉकवर (बुचातली, गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी) विश्वास ठेवू नका, बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं थांबलं असं नाही, बूच जरा सैल असलं तरी गॅस बाजूने जातो, आणि उलट खोली तापली म्हणूनही बुडबुडे येतात. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) असेल तर तो फक्त सुरुवातीला, दारू झाली की तो चुकीचं दाखवतो.

मग पीएच. वाइनच्या पट्ट्या मिळतात, २.८ ते ४.४ च्या रेंजच्या, त्याच घ्या, शाळेतल्या १ ते १४ वाल्या पट्टीने काही कळणार नाही. होमब्रूच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतील. (विल्को हे साखळी दुकान होतं तेव्हा हे सगळं हाय स्ट्रीटवर हाताशी मिळायचं, २०२३ मध्ये ते बसल्यापासून बऱ्याच गावांत ऑनलाइनच मागवावं लागतं.)

यानंतर पाणी वाढवा. दहा लिटरची झाकणाची, खाण्याच्या वस्तूंसाठीची बादली घ्या, सॅनिटाइज करा, डेमिजॉनमधलं सगळं त्यात सावकाश नळीने उतरवा, खालचा जाड गाळ मागे ठेवा, आणि त्यात दीड लिटर उकळून गार केलेलं पाणी घाला. ग्रॅव्हिटी १.०५५ च्या आसपास येईल, दारू साडेपाच टक्क्यांवर, आणि पूर्ण आंबलं तर शेवटी पावणेतेरा टक्के होईल, म्हणजे कुठल्याही वाइन यीस्टला झेपेल इतकं. लोकांना इथे वाईट वाटतं, "पातळ होईल" म्हणून. पण सतरा टक्क्यांचं मीड पहिल्या वर्षात घशाला जाळतं, तेरा टक्क्यांचं सहा-आठ महिन्यांत प्यायला सुंदर लागतं, आणि मधाचा वास त्यात जास्त कळतो. मला विचाराल तर हा बदल तोट्याचा नाहीच.

पीएच ३.२ च्या खाली असेल तर पोटॅशियम बायकार्बोनेट. एका वेळी १ ग्रॅम, कपभर मीडमध्ये आधी विरघळवून मग बादलीत, हलवा, अर्धा तास थांबा, परत मोजा. ३.५-३.६ आलं की थांबा. त्याहून वर नेऊ नका, नको ते जंतू खूश होतात आणि चवही बुळबुळीत लागते. स्वयंपाकघरातला सोडा अडीअडचणीला चालतो पण सोडियममुळे खारट छटा येते, मी वापरत नाही. आणि कुठलीही पावडर थेट मीडमध्ये टाकू नका, आत विरलेला कार्बन डायऑक्साइड एकदम सुटतो आणि फेस बादलीबाहेर जमिनीवर येतो.

हे सगळं झालं की यीस्ट, आणि तेही नीट जागं करून. ईसी-१११८ चं ५ ग्रॅमचं पाकीट घ्या, हे शँपेनकडचं यीस्ट आहे, १८ टक्क्यांपर्यंत टिकतं, कमी खुराकात भागवतं, सगळीकडे मिळतं. त्याने मधाचा सुगंध थोडा कमी होतो हे खरंय, पण अडकलेलं सोडवायला मी दुसरं काही सुचवणार नाही. साधारण सव्वाशे मिली पाणी, ४० अंशांच्या आसपास, त्यात सव्वासहा ग्रॅम गो-फर्म (यीस्ट भिजवताना द्यायचा खुराक) विरघळवा, वर यीस्ट भुरभुरा, १५-२० मिनिटं तसंच राहू द्या. मग त्यात जेवढं आहे तेवढंच बादलीतलं मीड घाला, एका वेळी दहा अंशांपेक्षा जास्त गार झटका बसायला नको, अर्ध्या तासाने परत तेवढंच, परत अर्ध्या तासाने दुप्पट, असं करत लिटर-सव्वा लिटरपर्यंत जा. लिटरभर झालं की दीड ग्रॅम फर्मेड-ओ (यीस्टचा नायट्रोजनवाला खुराक) द्या आणि हे भांडं मात्र चांगलं हलवा, हवा जाऊ द्या, यीस्टला पेशीचं आवरण बांधायला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. त्याला फेस धरेपर्यंत वाट बघा, काही तास लागतील, कधी रात्र जाईल. फेस नसताना पुढे जाऊ नका.

फेस धरला की बादलीतलं मीड त्याच्यात घालायचं. क्रम महत्त्वाचा आहे, नवीन यीस्ट जुन्या मीडमध्ये ओतायचं नाही, जुनं मीड नव्या यीस्टमध्ये टप्प्याटप्प्याने, आधी एक लिटर, काही तासांनी दोन, मग उरलेलं. दुसऱ्या दिवशी अजून दीड ग्रॅम फर्मेड-ओ. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, नायट्रोजन देणारं मीठ) तुमच्याकडे असेल तर या टप्प्याला थोडं चालेल, पण ९ टक्के दारू झाल्यावर डीएपी देऊ नका, यीस्टला ते तेव्हा घेता येत नाही आणि मग ते मीडमध्येच राहतं, चवीला लागतं. फर्मेड-ओ नाहीच मिळालं तर ब्रेडचं यीस्ट चमचाभर, पाण्यात दहा मिनिटं उकळून गार करून घाला, ते मरतं आणि जिवंत यीस्टला खायला होतं. जुना उपाय आहे पण मनुकांपेक्षा शंभरपट बरा.

दोन-तीन दिवसांत ग्रॅव्हिटी हलायला पाहिजे, आणि तीन-चार आठवड्यांत १.००० च्या आसपास यायला पाहिजे. पहिले काही दिवस रोज हलक्या हाताने ढवळून गॅस काढा, अंड्याचा वासही त्याबरोबर जातो. खळखळवू नका, या टप्प्याला जुन्या मीडला हवा नको.

मिसेसना सांगा विष वगैरे काही नाही. ही भीती आपल्याकडे कुठून येते ते मला माहीत आहे, २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, घराघरांत तेच बोलणं होतं. पण ते मिथेनॉल मिसळलेल्या दारूने झालं. आंबवताना थोडंफार मिथेनॉल बनतं ते फळांतल्या पेक्टिनमधून, आणि मधात पेक्टिन जवळपास नसतंच. हायड्रोजन सल्फाइडचा वास आपलं नाक अगदी सूक्ष्म प्रमाणातही पकडतं, म्हणून तो मोठा वाटतो. फेकायचं केव्हा, तर वर केसाळ हिरवी-काळी बुरशी दिसली तर, किंवा व्हिनेगरसारखा झणका आला तर. तुमच्या फोटोत तसं काही दिसत नाही.

एक गोष्ट मात्र खरोखर धोक्याची आहे, आणि तुम्ही शेवटी "असंच गोड आहे तर बाटलीत भरून टाकू का" असं लिहिलंय म्हणून सांगते. अजिबात भरू नका. १.०७४ वर थांबलेलं मीड म्हणजे उपाशी यीस्ट आणि भरपूर साखर, उन्हाळ्यात खोली २५ ला गेली की ते परत सुरू होऊ शकतं, बंद बाटलीत दाब वाढतो आणि काच फुटते. डोळे जातात लोकांचे. गोड मीड हवं असेल तर आधी पूर्ण कोरडं होऊ द्या, म्हणजे साखर संपू द्या, नितळ होऊ द्या, गाळावरून काढा, मग पोटॅशियम सॉर्बेट आणि कॅम्पडेनची गोळी (सल्फाइटची) दोन्ही घाला, एक दिवस थांबा, आणि मग चवीप्रमाणे मध घाला. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त नवीन वाढू देत नाही, म्हणून चालू आंबण्यात टाकून काही उपयोग नसतो. मध घातल्यावरही दोन-तीन आठवडे एअरलॉकखाली ठेवा, ग्रॅव्हिटी हलली नाही तरच बाटल्या. लिंबू पिळायचं असेल तर ते इथे, शेवटी, चव बघून.

पुढच्या वेळी साडेचार लिटरला १.४ ते १.५ किलो मध घ्या, न उकळता, कोमट पाण्यात नुसता मिसळून. उकळल्याने सुगंध जातो आणि जंतूंसाठी त्याची गरज नसते. यीस्ट गो-फर्ममध्ये भिजवून, आणि एकूण ५ ग्रॅम फर्मेड-ओ चार भागांत, २४, ४८, ७२ तासांनी आणि चौथा भाग सातव्या दिवशी किंवा साखर एक तृतीयांश उतरली की, जे आधी होईल तेव्हा. या पद्धतीला टॉस्ना म्हणतात, न्यू जर्सीच्या मेलोव्हिनो मीडरीच्या सर्जिओ मौटेलांनी ती लोकांपर्यंत पोचवली, आणि घरी मीड करणाऱ्यांचं आयुष्य तिने बदललं असं मी मनापासून म्हणेन. पूर्वी जे मीड "वर्षभर विसरून जा" म्हणायचे ते आता दोन-तीन महिन्यांत पिण्याजोगं होतं.

तुमच्या प्रश्नाखाली पुण्याच्या एकांनी "मीही घरी करू का" विचारलंय. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बियर-वाइन करायला परवाना लागत नाही, विकायची नाही आणि भट्टी लावून गाळायची नाही, एवढंच. महाराष्ट्रात तसं नाही, तिथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, छंद म्हणूनही सूट नाही. त्यामुळे तिथे करू नका. पुण्याची मूनशाइन आणि नाशिकची सेराना या परवानाधारक मीडऱ्या आहेत, आपल्याकडच्या मधाचं मीड कसं लागतं ते त्यांच्या बाटलीत बघा.

पट्ट्या आल्या की पाणी घालण्याआधीचा पीएच आणि नंतरचा, दोन्ही इथे लिहा, आणि मधाच्या बाटलीवर काय लिहिलंय तेही. पीएच ३.४ च्या वर निघाला तर बायकार्बोनेटला हातच लावू नका, नुसतं पाणी, ऊब आणि जागं केलेलं यीस्ट पुरेल.